एकाच हातचं काम

आमच्या इमारतीत गेल्या पावसाळ्यात पाच चोऱ्या झाल्या. चोऱ्या म्हणजे वर्तमानपत्रात छापून याव्यात अशा नव्हेत. पहिल्या मजल्यावरून दुधाची पिशवी गेली. माझी डावी चप्पल गेली. जिन्यातला दिवा गेला. काकूंच्या कुंडीतली जास्वंदीची फुलं गेली आणि एका रविवारी माझ्या वर्तमानपत्राची पुरवणी, शब्दकोड्यासकट, गेली. एरवी या पाच गोष्टींचं एकमेकींशी काही नातं असेल असं कोणाच्या डोक्यात आलं नसतं. पण तिसऱ्या मजल्यावर नाना राहतात. नानांनी पस्तीस वर्षं सरकारी हिशेबतपासणीत काढली आहेत. पाच रकमा एका खाली एक दिसल्या की त्यांची बेरीज केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यांनी कठड्याला टेकून, चष्मा कपाळावर चढवून, निकाल दिला : "हे एकाच हातचं काम आहे!"

वाक्य असं होतं की ऐकणाऱ्यालाच शहाणं झाल्यासारखं वाटावं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मग नानांनी त्या हाताचा धनीही सांगून टाकला. रात्रपाळीचा नवा रखवालदार! "तो आला जूनमध्ये, चोऱ्या सुरू झाल्या जूनमध्ये. आता तुम्हीच सांगा!" जूनमध्ये पाऊसही सुरू झाला होता, पण तो मुद्दा त्या वेळी कोणी मांडला नाही. मीही नाही.

माझा गुन्हा अधिक मोठा, कारण नेमक्या त्याच आठवड्यात मी लंडनच्या 'जॅक द रिपर'वरचं एक जाडजूड पुस्तक वाचत होतो. आमच्या घरी त्यावरून एक छोटासा संवादही झाला होता.

"अहो, त्या बायकांना कोणी मारलं ते कळलं का शेवटी?"

"सव्वाशे वर्षं उलटून गेली, अजून कोणालाच कळलेलं नाही."

"मग एवढी चारशे पानं कसली भरलीत?"

प्रश्न बिनतोड होता. ती चारशे पानं, आणि त्यासारखी आणखी काही हजार पानं, 'तो कोण?' या एकाच प्रश्नाने भरलेली आहेत. राणीच्या नातवापासून 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'च्या लेखकापर्यंत शंभराहून अधिक लोकांना या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून झालं. त्यातला तो राजपुत्र, अल्बर्ट व्हिक्टर, १८८९ साली हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला तेव्हा आपल्या मुंबईला उतरला होता. पण त्याआधी १८८८ सालच्या ३० सप्टेंबरला, म्हणजे एकाच रात्री दोन खून पडले त्या वेळी, तो स्कॉटलंडमध्ये होता. लेखकांना अर्थात एवढ्याशा अडचणीचं काही वाटत नाही. मात्र 'तो कोण' याच्या आधी 'तो एकच होता कशावरून?' असं विचारायला हवं, आणि ते विचारायला फारसं कोणी थांबत नाही.

आता मूळ हकिगत. व्हाइटचॅपेल हा लंडनच्या पूर्वेकडचा दरिद्री भाग. 'व्हाइटचॅपेलचे खून' या नावाने पोलिसांनी ठेवलेल्या कागदपत्रांत अकरा बायकांच्या मृत्यूंचा समावेश आहे. पहिला मृत्यू एप्रिल १८८८ मधला, शेवटचा फेब्रुवारी १८९१ मधला. अकरा मृत्यू, तीन वर्षं, आणि शिक्षा कोणालाही नाही. जॅक या नावाचा माणूस सुरुवातीला त्यांत कुठेच नव्हता. २७ सप्टेंबर १८८८ रोजी एका वृत्तसंस्थेकडे लाल शाईतलं एक पत्र आलं आणि त्याखाली ही सही होती. पुढे मोठमोठ्या पोलीस अधिकाऱ्यांनीच सांगितलं, की ते पत्र बहुधा कोणा बातमीदाराने लिहिलं असावं. म्हणजे मूल सापडायच्या आधीच बारसं उरकलं, आणि आत्या निघाली वर्तमानपत्रवाली! पण नाव एकदा पडलं की त्याला माणूस लागतो, आणि नाव एक असलं की माणूसही एकच लागतो.

अकरांपैकी पाच खून जॅकचे, असं आज जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सापडतं : मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज आणि मेरी जेन केली. ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८, जेमतेम दहा आठवड्यांतले हे पाच. हा आकडा आला कुठून? तर दोन कागदांवरून. पहिला कागद डॉक्टर टॉमस बाँड यांचा. केलीच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल दिला की पाचही खून एकाच हातचे. यांपैकी त्यांनी स्वतः तपासला होता तो केलीचा देह. बाकीच्या चौघींबद्दल त्यांनी इतरांची टिपणं वाचली होती. दुसरा कागद मेल्व्हिल मॅकनॉटन या बड्या पोलीस अधिकाऱ्याचा, तारीख २३ फेब्रुवारी १८९४. त्याने ठासून लिहिलं की बळी पाच, आणि पाचच. हे गृहस्थ पोलीस खात्यात आले जून १८८९ मध्ये. हे पाच खून पडले तेव्हा त्यांचा खात्याशी संबंध नव्हता. त्याआधी ते बंगालमध्ये वडिलांच्या जमिनी सांभाळत होते. त्याच टिपणात ज्या तिघांची नावं त्यांनी संशयित म्हणून दिली, त्यांतल्या मॉन्टेग्यू ड्रुइटला त्यांनी एकेचाळीस वर्षांचा डॉक्टर केलं आहे. तो होता एकतीस वर्षांचा वकील आणि शाळामास्तर. तिसरा, ऑस्ट्रॉग, त्या दिवसांत फ्रान्समधल्या तुरुंगात होता असं पुढे उघडकीला आलं. माणसांबद्दल एवढी गफलत करणाऱ्याचा आकडा मात्र सव्वाशे वर्षं प्रमाण मानला गेला. नानांना हे सांगितलं तर ते म्हणतील, "टिपणावर सही होती ना? मग झालं!"

आता एकेक खून वेगळा काढून पाहू.

एमा स्मिथ ही त्या अकरांतली पहिली. तिच्यावर एप्रिल १८८८ मध्ये हल्ला झाला. ती चालत आपल्या बिऱ्हाडी पोचली, तिला इस्पितळात नेलं आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. जाण्यापूर्वी तिने सांगितलं, की मारणारे दोन-तीन जण होते आणि त्यांतला एक तर पोरगेलासाच होता. म्हणजे या प्रकरणात साक्षात बळीचीच साक्ष आहे. तरी वर्तमानपत्रांनी पुढे तिला जॅकच्या खात्यावर जमा केलंच.

दुसरी मार्था टॅब्रम. ७ ऑगस्टला ती मेली, अंगावर एकोणचाळीस घाव. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मते हत्यारं दोन, एक साधा चाकू आणि एक खंजिरासारखं काहीतरी. तिच्या मैत्रिणीने सांगितलं की आम्ही दोघी त्या रात्री दोन शिपायांबरोबर होतो. तिच्यासमोर शिपाई उभे केले गेले आणि तिने दोघे ओळखलेही. पण ते त्या रात्री भलतीकडेच होते असं सिद्ध झालं. मॅकनॉटनने मार्थाला यादीतून वगळलं. अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी २००५ साली घावांची पद्धत तपासली आणि तिला पुन्हा यादीत घेतलं. त्यांच्या हिशेबाने बळी सहा होतात.

निकोल्स, चॅपमन आणि एडोज या तिघींच्या बाबतीत मात्र नानांचं म्हणणं मान्य करावं लागतं. मध्यरात्र उलटल्यानंतरची वेळ, गळा चिरणं, मग देहाची एका विशिष्ट प्रकारची विटंबना, आणि हे सगळं पायी हिंडण्याजोग्या टापूत, एका महिन्याच्या आत. असे तीन वेगवेगळे माणूस एकाच मोहल्ल्यात एकाच महिन्यात निपजले असं म्हणायला फारच मोठा योगायोग लागतो. केलीचा खून घरात झाला आणि ती इतरांपेक्षा बरीच तरुण होती, म्हणून काही जण तिला वेगळी काढतात. पण बहुतेकांचं मत ती यांच्यातलीच असं आहे, आणि मलाही ते पटतं.

खरी पंचाईत होते ती स्ट्राइडपाशी. ३० सप्टेंबरच्या रात्री एकच्या सुमारास एका अंगणात शिरताना एका फेरीवाल्याचं तट्टू बुजलं आणि ती सापडली. गळा चिरलेला, पण दुसरी काहीही इजा नाही. पाऊण तासाने, चालत पंधरा मिनिटांच्या अंतरावर, एडोज सापडली. मग लोकांनी गोष्ट जुळवली : तट्टू आल्यामुळे खुन्याचं काम अर्धवट राहिलं, म्हणून त्याने दुसरी गाठली. गोष्ट छान आहे. सिनेमाला तर फारच छान आहे. पण त्याच रात्री लंडनच्या दुसऱ्या टोकाला, वेस्टमिन्स्टरमध्ये, एका माळ्याने आपल्या बायकोचा गळा चिरला आणि पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःच तसं सांगितलं. हा माळी चुपचाप घरी बसला असता आणि त्याचं घर व्हाइटचॅपेलमध्ये असतं, तर? जॅकच्या नावावर त्या रात्रीचे तीन खून लागले असते, आणि तो एवढ्या लांब कसा पोचला यावर आज तीन पुस्तकं निघाली असती.

पुढच्या खुनांत तर डॉक्टरांनीच धमाल उडवून दिली. डिसेंबरात रोझ मायलेट मेली. गळा आवळल्याच्या खुणा आहेत, असं तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. वरिष्ठ अधिकारी अँडरसन यांना हा खून आहे हेच मान्य नव्हतं. त्यांनी बाँडना पाठवलं. बाँड आधी म्हणाले खून, मग पुन्हा पाहून म्हणाले खून नव्हे. पंचांनी मात्र खून असाच निकाल दिला. जुलै १८८९ मध्ये अ‍ॅलिस मॅकेन्झी मेली. बाँड म्हणाले हा तोच माणूस. ज्यांनी प्रत्यक्ष शवविच्छेदन केलं ते डॉक्टर फिलिप्स म्हणाले तो नव्हे. खुन्याला शरीरशास्त्र येत होतं का, यावरही या दोघांचं जमलं नाही. फिलिप्स म्हणत येत होतं, बाँड म्हणत त्याला खाटकाइतकंही येत नव्हतं. लग्नाच्या पत्रिका दोन ज्योतिषांना दाखवू नयेत असं आमची आजी का म्हणायची, ते मला इथे कळलं.

आणि याच काळात टेम्स नदीच्या आसपास बायकांची धडं, हात, पाय असे तुकडे सापडत होते. त्यांतलं एक धड २ ऑक्टोबर १८८८ रोजी सापडलं ते कुठे, तर पोलिसांच्या स्वतःच्या नव्या मुख्य कचेरीचं बांधकाम चाललं होतं तिथल्या तळघरात! दुसरं सप्टेंबर १८८९ मध्ये व्हाइटचॅपेलजवळच्या पिंचिन स्ट्रीटवर सापडलं, आणि ते या अकरांत मोजलं जातं. तेही जॅकचंच काम असं म्हणणारे आहेत. पण एक खुनी देह रस्त्यावर टाकून काही मिनिटांत पळतो. दुसऱ्याला बंद खोली लागते, करवत लागते, दिवसच्या दिवस लागतात आणि गाठोडी वाहून न्यायची सोय लागते. हे दोघे एकच असतील, तर त्या माणसाने एकाच वेळी दोन धंदे, दोन वेगळ्या पद्धतींनी, एकमेकांना कळू न देता चालवले असं मानावं लागेल. आमच्या नानांना दोन वह्या ठेवणारे व्यापारी माहीत आहेत, तेव्हा त्यांना हेही पटेल. मला पटत नाही.

पुरावा म्हणाल तर काय होता? रक्ताचे गट कळले ते १९०१ साली. बोटांच्या ठशांचं वर्गीकरण कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या मेहनतीतून उभं राहिलं, तिथे ठशांची कचेरी १८९७ साली निघाली आणि लंडनच्या पोलिसांनी ती पद्धत १९०१ साली उचलली. तेरा वर्षांचा उशीर झाला. १८८८ साली 'एकच हात' असं म्हणायला हाताची काहीही खूण पोलिसांकडे नव्हती. होती ती फक्त सुऱ्याची, आणि सुरे तर घरोघरी असतात.

तेव्हा माझा हिशेब असा : तीन बहुधा एकाच्या हातचे, चौथा जवळजवळ नक्की, पाचवा आणि सहावा शंकास्पद, उरलेले पाच वेगवेगळ्यांचे. म्हणजे एका जॅकऐवजी पाच-सहा तरी खुनी त्या गल्ल्यांतून मोकळे फिरत होते. हे पचायला कठीण आहे. राक्षस एकच असला तर बरं असतं. तो मेला की गाव सुटतो. पण अमुक नवरा, तमुक शिपाई, कोपऱ्यावरची टोळकी, असे साधे साधे पाच-सहा लोक असले तर कोणाकडे बोट दाखवायचं? म्हणून आपण सगळ्यांचं पाप एका जॅकच्या पदरात घालतो आणि बाकीचे आपोआप निर्दोष सुटतात. एमा स्मिथने मरताना सांगितलेली ती दोन-तीन माणसं कोणी शोधतं का? त्यांना टोपणनाव नाही, म्हणून त्यांच्यावर पुस्तकही नाही.

शिवाय एकच राक्षस हवा असला की तो बाहेरचा लागतो. चॅपमनच्या खुनानंतर लोकांनी ठरवलं की हा 'चामड्याच्या एप्रनवाला' ज्यू असणार. जॉन पायझर नावाच्या एका बूट बनवणाऱ्या ज्यूला धरलं. दोन्ही खुनांच्या रात्री आपण कुठे होतो हे तो दाखवू शकला म्हणून सुटला. पण त्या दिवसांत रस्त्याने जाणाऱ्या ज्यू लोकांना जमावाने गाठलं, धमकावलं. त्यांना कोणी नंतर 'माफ करा, चूक झाली' म्हटल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

या खुनांना सांधणारा धागा हवाच असेल तर मला तो वेगळाच दिसतो. व्हाइटचॅपेलमध्ये त्या वेळी रात्रीपुरती खाट भाड्याने देणारी २३३ घरं होती, आणि त्यांत साडेआठ हजार माणसं झोपत. एका रात्रीच्या खाटेला चार पेन्स. निकोल्सजवळ त्या रात्री हे चार पेन्स नव्हते. डोक्यावरची नवी टोपी दाखवून, पैसे आत्ता मिळवून आणते, असं म्हणत ती बाहेर पडली. आठ दिवसांनी चॅपमनही खाटेचे पैसे नव्हते म्हणूनच बाहेर पडली. एडोजच्या जोडीदाराचे बूट गहाण होते. त्याची चिठ्ठी तिच्याजवळ सापडली, आणि सापडल्या दोन छोट्या डब्या, एकीत चहा आणि एकीत साखर. केलीला स्वतःची खोली होती, पण तिचं एकोणतीस शिलिंग भाडं थकलं होतं. खुनी एक असो की सहा, या बायकांना त्याच्या वाटेवर आणून उभं करणारी गोष्ट एकच होती, आणि तिचं नाव सगळ्यांना माहीत होतं. तिला पकडायला इन्स्पेक्टर लागत नाही.

या बायकांची चरित्रं सांगणारं हॅली रुबेनहोल्ड यांचं चांगलं पुस्तक २०१९ साली निघालं. त्याचं नावही 'द फाइव्ह'! पिंचिन स्ट्रीटच्या त्या बाईचं नाव तर आजवर कळलेलं नाही. तिचं चरित्र कोण लिहिणार?

आता आमच्या चोऱ्यांचा निकाल. दुधाची पिशवी मांजराने नेली होती. तिला दुसऱ्यांदा नेताना सगळ्यांनी पाहिलं. माझी चप्पल गच्चीवर सापडली, कुत्र्याने चावून तिची कोल्हापुरी नक्षी केलेली. जास्वंदीची फुलं पहाटे साडेपाचला नानांच्याच सौभाग्यवती देवासाठी नेत होत्या. "देवाला वाहिलेलं चोरीत धरत नाहीत," असा खुलासा त्यांनी केला. पुरवणी आमच्याच गादीखाली निघाली. अर्धवट सोडवलेलं कोडं मीच तिथे ठेवलं होतं.

हे सगळं उघडकीला येईपर्यंत रखवालदार गेला होता. त्याला कोणी काढलं नाही. सभेनंतर लोक त्याच्यासमोर दाराला कुलूप दोनदा ओढून पाहू लागले, ते त्याने पंधरा दिवस पाहिलं आणि एका सकाळी तो पगारही न घेता निघून गेला. पगार पाठवायचं ठरलं, तेव्हा असं लक्षात आलं की त्याचं आडनाव कोणालाच ठाऊक नाही. चार महिने आम्ही त्याला नुसतं 'रखवालदार' म्हणत होतो.

मी हे सारं नानांना नीट, मुद्द्यांसकट, लंडनच्या दाखल्यांसकट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, "दूध मांजराचं, मान्य. चप्पल कुत्र्याची, मान्य. फुलांचं जाऊ दे. पण जिन्यातला दिवा?"

जिन्यातल्या दिव्याचं अजूनही कळलेलं नाही.

"बघा," नाना म्हणाले, "तो त्यानेच नेला."